सूर्याचं वादळ सुटलं कधी?

मेलकावेरीच्या मधुमेहाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आत्या आणि तिची भाची बसल्या होत्या. डॉक्टरांशी तमिळ बोलल्या, भांडत मात्र मराठीत होत्या.

"आत्या, साखर साठवर आलीय. इडली खा."

"सूर्यावर वादळ आहे, तूच म्हणालीस. ग्रहणात मी खात नाही, अक्षया."

"हे ग्रहण नव्हे. सूर्यातून तापलेल्या वायूचे लोट निघाले. वेधशाळेत मी तेच बघते."

"दोन निघाले ना? मग दोन उपास."

"अग, पहिला सोमवारी निघाला, सावकाश. दुसरा मंगळवारी, जोरात. पहिल्यानं वाट मोकळी केलेली, म्हणून दुसऱ्यानं त्याला मध्येच गाठलं. धडकले, मिसळले आणि एकच मोठा लोट होऊन आपल्यावर आले."

"आमच्या शेजारच्या सुंदरीच्या सुना! वेगवेगळ्या आल्या, आता एक होऊन सासूवर."

"आत्या, खा ना."

"आधी सांग, ग्रहण सुटलं कधी?"

"काल दुपारी आलं. आज सकाळी सातला पृथ्वी ओलांडून गेलं."

"अय्यो! आता दहा वाजले. म्हणजे तीन तास मी फुकट उपाशी?"

"घरापासून तेच सांगतेय!"

"तू वायू सांगत होतीस. सुटायची वेळ सांगायची. आता अंघोळी दोन?"

"एकच. वाटेतच एक झाले ना ते."

"ती घरी करीन. काढ डबा. आणि या अण्णांनाही एक इडली दे. मघापासून ऐकून हसताहेत. घरी करून घालणारं कोणी दिसत नाही."