राहुकाळातलं मत

...नाही, तुम्हीच सांगा, भ्यायला नको का माणसानं? म्हणे, "शेषाद्रीराव, देवळाच्या पायरीवर का बसलात?" अहो, बसतो कुठला, लपलोय! वेंकूबाई, म्हणजे आमची मंडळी, घरी वाट बघतेय!

आजोबा सांगायचे, महाराज होते तेव्हा बरं होतं, बापामागे मुलगा गादीवर बसायचा, आपण लांबून मुजरा करायचा, संपलं! गोऱ्या साहेबानं राज्य घेतलं ते घेतलं, वर आता म्हणतो, गावच्या बोर्डाचा प्रेसिडेंट तुम्हीच निवडा! मी? अहो, आमच्या घरी सांबारात कुठली भाजी पडणार तेसुद्धा मला कुणी विचारत नाही!

आणि उभं कोण? एकीकडे तो वकील कृष्णस्वामी. मद्रासहून शिकून आलाय, दारोदार सांगत फिरतो, "स्वामी, नल्ला तण्णी! चांगलं पाणी! कॉलरा नको ना? मग विहिरी बुजवू, नळ आणू!" नळ! तुम्हाला सांगतो, त्या नळाच्या पोटात चामड्याचं वायसर असतं हो! चामड्यातून आलेलं पाणी, सोवळ्यातल्या स्वयंपाकाला! वेंकूबाईनं तर बजावूनच ठेवलंय, "ते पाणी ज्या दिवशी उंबऱ्याच्या आत येईल त्या दिवशी चूल बंद, तुमचं तुम्ही बघा!" भ्यायला नको का माणसानं?

दुसरीकडे आमचे बाळकृष्णराव. काय माणूस! पंचांग बघितल्याशिवाय नखंसुद्धा कापत नाहीत. म्हटलं, हाच आपला प्रेसिडेंट, हाच आपली विहीर राखणार. तेवढ्यात कानावर आलं, की हे कलेक्टरच्या बंगल्यावर चहाला गेले होते... शिवा शिवा! तडक गेलो, विचारलं. तर म्हणतात, "छे छे शेषाद्री, नुसता कप हातात धरला. ओठाला नाही लावला." हातात धरला! आज कप धरणारा उद्या बिस्कीट नाही खाणार कशावरून? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मत द्यावं तर बाटलेल्याला दिल्याचं पाप, न द्यावं तर चामडं घरात!

शेवटी आज सकाळी ठरवलं, कप तर कप, धुतला की गेला. निघालो. वेंकूबाई म्हणाली, "यमगंड लागलाय, असल्या अशुभ वेळी कुठे निघालात?" बसलो. यमगंड सुटला, पुन्हा निघालो, ती शिंकली. बसलो. मग म्हणाली, "जेवूनच जा." जेवलो, जरा आडवा झालो, दचकून उठलो तो धावतच गेलो! मतदानाच्या दारात पाऊल टाकणार तोच समोरच्या तिण्णैवरून, म्हणजे ओट्यावरून, हाक आली, "शेषाद्री, थांब! मंगळवार आहे! तीन वाजले, राहुकाळ लागला!"

बघतो तर काय, ओट्यावर आमचा सगळा पक्ष मांडी घालून बसलेला! आणि मधोमध, मांडीवर पंचांग घेऊन, कोण? बाळकृष्णराव! म्हणाले, "साडेचारला सुटतो. मग सगळे मिळून जाऊ. शुभ कामाला घाई कशाला?" मीही बसलो. विडा आला, खाल्ला. समोर कृष्णस्वामीची माणसं भराभरा आत जातायत, बाहेर येतायत, आमच्याकडे बघून हसतायत. आम्ही म्हटलं, हसू देत, राहुकाळातली मतं ती, फळणार आहेत थोडीच!

चारला शिपाई आला आणि त्यानं दार लावलं.

"अरे, अरे, साडेचारला सुटतो!" तर तो म्हणतो, "स्वामी, मतदान चारला सुटतं!" आमच्या ओट्यावरचं एकही मत पेटीत नाही! भीत भीत विचारलं, "बाळकृष्णराव, तुमचं स्वतःचं तरी सकाळी घातलंत ना?" माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच कलेक्टरचा चहा प्यालोय! म्हणाले, "यमगंडात?"

माणूस मात्र आपण अस्सल निवडला होता, हां! पण आता घरी जाऊन सांगू काय? विहीर गेली म्हणू? वर तीच विचारणार, "नुसतं मत घालायला पाठवलं, तेही जमलं नाही?" आणि शिंकली कोण होती, हे मी तिला विचारायचं? भ्यायला नको का माणसानं?

काय म्हणालात? साडेचार होऊन गेले, राहुकाळ सुटला, आता खुशाल घरी जा?

पंचांगातला सुटला हो... माझा आता लागायचाय.