'बारी' खोडून मी 'पाळी' लिहिलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे सचिव आदरणीय भुजंगराव अण्णा, व्यासपीठावर उपस्थित प्राचार्या डॉ. सिंधु पेठकर मॅडम, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते संगणक प्रयोगशाळा सहायक शिवलिंग मठपती सर, सरांच्या शेजारी बसलेल्या नागुबाई काकू, माझे सहकारी, कार्यालयातील मंडळी, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

मी महामाया गजभारे. या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. मला बोलायला सात मिनिटं मिळाली आहेत. त्यातलं पहिलं मी एका प्रश्नाला देणार आहे, आणि त्याचं उत्तर मला येत नाही हे आधीच कबूल करते. चूक दुसऱ्याची आहे, ती करणारी व्यक्ती चार हातांवर उभी आहे, हे दिसत असताना एखादा माणूस ती चूक स्वतःच्या नावावर का घेतो? मंगळवारी मी हा प्रश्न खुद्द सरांना विचारला. सर म्हणाले, "मॅडम, आधी चहा घ्या, थंड होऊन राहिला." त्यामुळे उत्तर अजून माझ्याकडे नाही.

सरांची एकतीस वर्षं झाली. ते कंधारहून आले तेव्हा आपल्या प्रयोगशाळेत चार संगणक होते आणि चपला बाहेर काढाव्या लागत. आज चाळीस आहेत आणि चपला आत आल्या आहेत. या एकतीस वर्षांत किती मुलींचे परीक्षेचे अर्ज सरांनी शेवटच्या तासाला भरले असतील? इथे बसलेल्यांपैकी ज्यांचा भरला असेल त्यांनी हात वर करा. बघा, सर. तिकडे चहाच्या टेबलामागून वैजनाथ मामांनीही हात वर केला! मामा, तुमचा कोणता अर्ज? गॅसचा? असो.

सरांची दुसरी ओळख म्हणजे त्यांनी तयार केलेला मोबाईलवरचा खेळ, 'गढी'. नव्याने आलेल्यांसाठी सांगते. छत्तीस घरांचा पट, दोन्हीकडे पाच-पाच शिपाई, एकदा तुम्ही एक चाल करायची, एकदा समोरच्याने. दुसऱ्याची गढी घेतली की जिंकलात. चार मिनिटांत डाव संपतो. समोरचा लगेच खेळला नाही तरी चालतं, त्याला वेळ मिळाला की तो चाल करतो आणि तुमच्या फोनवर निरोप येतो. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या भाच्याकडून, सत्यमकडून, सर हे काम शिकले आणि तीन वर्षं जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून त्यांनी तो खेळ बनवला.

त्या खेळाखाली लोक अभिप्राय लिहायचे. सरांचा दिवस ते वाचण्याने सुरू व्हायचा. मला पाठ झालेले काही सांगते. "एसटी फलाटाला लागेपर्यंत दोन डाव होतात. चार तारे, कारण एसटी लवकर आली." "सासऱ्याला हरवलं. पाच तारे." "लई भारी गेम, पण माझे शिपाई येडे हायेत." एकाने लिहिलं होतं, "कॉम्प्युटर लबाड हाय, चिटिंग करतो." सर प्रत्येकाला कार्यालयीन पत्रासारखं उत्तर द्यायचे. याला त्यांनी लिहिलं, "महोदय, संगणक लबाडी करीत नाही. आपण डावी बाजू उघडी सोडली होती. कळावे."

मग डिसेंबरात एक अभिप्राय आला. लिहिणारे पुण्याचे होते. "खेळ छान आहे, पण 'आता तुमची बारी' म्हणजे काय? कृपया शुद्ध मराठी वापरा. तीन तारे." सर तो घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, ह्ये चुकीचं हाय का बघा बरं. आमच्याकडं तर बारीच म्हणतेत."

मी म्हणाले, "सर, आपल्याकडे म्हणतात. पण ते बोलीतलं झालं. छापील मराठीत पाळी म्हणतात. आता तुमची पाळी."

"मग तुमीच करा सगळं दुरुस्त. तुमचं शिक्षण हाय त्यातलं."

हे ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगायला आज संकोच वाटतो. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझी आई नळावर "आता माझी बारी" म्हणते, आजीही म्हणायची. तोच शब्द घेऊन मी लातूरच्या वसतिगृहात गेले. पहिल्याच आठवड्यात न्हाणीघराबाहेरच्या रांगेत म्हणाले, "माझी बारी हाय." वर्षभर माझं नाव 'बारी' पडलं. जेवायला निघाले की मागून आवाज यायचा, "ए बारी, तुझी बारी आली का?" तेव्हा मी ठरवलं होतं की हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही. सरांनी तो माझ्यासमोर ठेवला तेव्हा मी भाषेची सेवा करते आहे असं मला वाटलं. खरं तर मी जुना राग काढत होते.

खेळातली सगळी वाक्यं एका फाईलमध्ये होती, आणि कुणी काय बदललं हे ती फाईल नावानिशी नोंदवायची. मी पहिलं वाक्य वाचलं. मग 'बारी' शोधा, त्या जागी 'पाळी' लिहा, असं सांगितलं आणि 'सगळीकडे बदला' हे बटण दाबलं. एकेचाळीस ठिकाणी बदल झाले. मी एकही उघडून पाहिला नाही. सरांना म्हणाले, "झालं सर, शुद्ध झालं." सरांनी विश्वासाने तसंच चढवलं.

आता मुलींनो, हसायचं असेल तर या टप्प्यावर हसून घ्या. सूचनांमध्ये "शत्रूवर बारीक नजर ठेवा" असं होतं, ते "शत्रूवर पाळीक नजर ठेवा" झालं. "आता तुमची पाळी आली" हा निरोप खेळणाऱ्याच्या नावासकट फोनवर जाऊ लागला. अभिप्राय धडाधड येऊ लागले. "पाच तारे. आमच्या हॉस्टेलला तीन दिवस हसू थांबलं नाही." "पाळीक नजर म्हणजे कुठं ठेवू?" त्यातच एक असाही होता, "असला गेम मुलींच्या कॉलेजातला माणूस बनवतो?"

आणि फाईलमध्ये आणखी एक वाक्य होतं. चोवीस तासांत चाल केली नाही तर जाणारा निरोप. आधी तो असा होता: "तुमची बारी चुकली." माझ्या दुरुस्तीनंतर तो काय झाला, हे मला मोठ्याने सांगायला लागू नये.

आपल्या किती मुलींकडे स्वतःचा फोन आहे? बहुतेक जणी वडिलांच्या नाहीतर भावाच्या फोनवर खेळतात. हदगावकडची आपली एक विद्यार्थिनी अशीच वडिलांच्या फोनवर खेळायची. तिचं नाव मी घेणार नाही, ती आज या सभागृहात नाही. जानेवारीत तिचे वडील खताच्या दुकानात गेले. ओटीपी वाचून घ्यायला त्यांनी फोन दुकानदाराकडे दिला. दुकानदाराने वर आलेला निरोप चार माणसांत वाचायला सुरुवात केली, मुलीचं नाव आणि पुढचे दोन शब्द वाचले, आणि थांबला. फोन परत देत म्हणाला, "मालक, घरी जाऊन बघा." घरी त्या मुलीला काय काय विचारलं गेलं, तिला कुठे नेलं, हेही मी सांगणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेला ती आली नाही, एवढं हजेरीपटावर आहे.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील प्राचार्यांच्या दालनात आले. मी तिथे होते. हजेरीपत्रकं कपाटात लावत होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "मॅडम, ह्ये तुमच्या माणसानं पाठिवलंय का न्हाई, एवढंच सांगा."

सरांना बोलावलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, आणि वर पाहिलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग ते म्हणाले, "शब्द चुकला, मालक. माझ्याकडून चुकला. खेळायचं ऱ्हायलं की तसा निरोप जातो. लेकीचा काही दोष न्हाई."

"शब्द चुकला म्हणं! माझ्या लेकराला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई, अन् तुमचा शब्द चुकला! एवढं पिकलेलं डोस्कं, लाज कशी वाटंना तुमाला?"

सर मान खाली घालून ऐकत राहिले. माझ्या हातात हजेरीपत्रकं होती. एक वाक्य पुरलं असतं. पण तासिका तत्त्वावरची माणसं दरवर्षी मुलाखत देतात, आणि माझ्या घरात येतो तो एवढा एकच पगार. मी पत्रकं लावत राहिले. त्यातलं एक मी उलटं लावलं होतं, हेसुद्धा मला दिसत होतं.

प्राचार्या मॅडमनी सरांना लेखी ताकीद दिली. त्यांचा यात दोष नाही. समोर कबुली असताना त्या दुसरं काय करणार होत्या? सरांनी त्याच संध्याकाळी खेळ काढून टाकला. सोबत सगळे अभिप्रायही गेले, सासऱ्याला हरवणारेही. त्यानंतर सर जेवणाच्या सुट्टीत डबाच खाऊ लागले.

मग मी आज बोलायला का उभी राहिले? मराठीच्या मॅडम बरं बोलतात म्हणून मला निरोपाचं भाषण दिलं गेलं. मी पहिलं वाक्य लिहिलं होतं, "सरांची एकतीस वर्षांची निष्कलंक सेवा." मसुदा कार्यालयात दाखवला तेव्हा आपले लिपिक सिद्धराम भाऊ म्हणाले, "मॅडम, तेवढं निष्कलंक काढा. फाईलला ताकीद हाय. अण्णा वाचतेत सगळं."

मी तो शब्द खोडला, आणि मग मला पुढचं काही लिहिता आलं नाही.

गेल्या रविवारी मी हदगावला गेले. त्या मुलीच्या वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या मास्तरला मी उगाच बोललो की. लई बोललो हो मी." ती दारात उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, तुमी तवा तिथंच होत्या ना?"

मी हो म्हणाले.

"अन् आता सांगून राहिल्या."

नंतर चहा आला. तो तिने आणला नाही.

मंगळवारी सरांना हदगावचं सांगितलं, आणि एकही बदल मी उघडून पाहिला नव्हता हेही. सर म्हणाले, "मला म्हाईत हाय की. खेळाची फाईल माझ्याच जवळ होती." पुढे म्हणाले, "समारंभात तेवढं काढू नका, मॅडम. घरचे येणारेत." मी तसं कबूल केलं होतं. पण मघाशी चहाच्या टेबलापाशी नागुबाई काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, ह्यायला एवढ्या पोरीत काम करून एवढं कळू नये का ओ? गल्लीतल्या बाया अजून इचारतेत मला."

काकू, त्यांना कळत होतं. त्यांनी 'बारी'च लिहिलं होतं. ते बरोबर होतं. बिघडवलं मी. सहा महिने तुम्ही ज्यांच्यावर रुसलात, त्यांनी तुम्हालासुद्धा माझं नाव सांगितलं नाही. सर, दिलेला शब्द मोडला, पण काकूंना दुसरं उत्तर देणं मला जमलं नसतं.

मुलींनो, तुम्हालाही एक सांगायचं आहे. पाळी हा शब्द वाईट नाही, आणि तो उच्चारायला मला कधी लाज वाटली नाही. मला लाज वाटत होती ती माझ्या आईच्या शब्दाची. ती लपवायला गेले आणि त्याचा भार तुमच्यातल्या एकीने सोसला.

सात मिनिटं कधीच संपली आहेत, तरी अण्णांनी घंटी वाजवली नाही याबद्दल त्यांचे आभार. मंडप, खुर्च्या आणि चहा सांभाळणाऱ्या वैजनाथ मामांचे आभार. सर आणि काकू, पुढचे दिवस तुम्हाला निवांत आणि सुखाचे जावोत. आज बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. जानेवारीतलं मात्र सोडून देऊ नका, अशी मी व्यासपीठाला विनंती करते.

काल दुपारी मी प्राचार्यांच्या नावे लेखी निवेदन दिलं आहे. सरांची ताकीद रद्द करून ती माझ्या नावे द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. सोबत ती फाईल आहे, एकेचाळीस बदलांपुढे माझं नाव असलेली. कार्यालयाचा आवक शिक्का मारून घेतला. त्याच निवेदनाची एक प्रत मी पुढच्या महिन्यातल्या मुलाखतीसाठी केलेल्या माझ्या अर्जाला जोडली, आणि तो अर्जही कालच दाखल केला.