भांडी घासायचा मान

आयोवातल्या त्या छोट्या कॉलेजात मानववंशशास्त्राला पोरं जेमतेम सहा. त्यातल्या टेसा आणि ब्रिन मेसच्या रांगेत उभ्या होत्या. मागेच त्यांच्या प्राध्यापक मार्गिटबाई ट्रे धरून होत्या. गावातल्या चर्चच्या बायकांवरची टेसाची टिपणं आज त्यांच्या हातात पडायची होती. पोरींचं मागे लक्षच नव्हतं.

"ब्रिन, काल चर्चच्या जेवणात लोरेनबाई माझ्यावर खेकसल्या!"

"मग नाचतेस काय एवढी?"

"अगं, सहा आठवडे नुसतं 'बस गं बाळ, घे गं बाळ'! ताटसुद्धा उचलू देत नव्हत्या. आणि काल? 'ए, बघत काय बसलीस? ॲप्रन बांध, भांडी पडलीत!'"

"खरंच?"

"तीस भांडी घासली! सगळ्यांनी घरून आणलेली, प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. करपलेलं चीज निघता निघेना. आणि सिंकपाशी त्या बाया काय बोलतात गं! पाद्र्यापासून सगळ्यांची उणीदुणी काढली, माझ्यादेखत!"

"बाप रे! दाखव ना टिपणं."

"एक ओळ नाही."

"मेलीस! बाईंना काय देणार आता? लिहिलं का नाहीस?"

"हात ओले होते ना तिचे!" मागून मार्गिटबाई म्हणाल्या.