नव्वद फॅटची म्हस आणि अर्जुनाबाईची बरणी

लीलाबाई : खोटं बोलत आसंन तर जीभ झडंल माझी! शब्द न् शब्द खरा हाय. माझ्या सासूची, अर्जुनाबाईची, लोणच्याची बरणी पुरुषभर उंच व्हती.

क्रांती : आजी, पाया पडते, आत्ता नको. चारला डेअरीचे चेअरमन यायचेत आणि दूधनोंदीचा माझा प्रोग्रॅम येड्यासारखा करतोय.

लीलाबाई : काय करतोय?

क्रांती : डेअरीत दूध घालणाऱ्या धनाजीकाकांनी म्हशीच्या दुधाची फॅट नव्वद टाकली. घेतली की त्यानं!

लीलाबाई : नव्वद? म्हस हाय का लोण्याचा गोळा?

क्रांती : हसू नको. आज हे फसलं तर ते म्हणणार आपली जुनी वहीच बरी. मग मी परत पुण्याला.

लीलाबाई : (लगबगीनं शेजारी मांडी घालत) पुण्याला? मग नीट सांग. आत राखणीला कोन न्हाई व्हय?

क्रांती : आहेत की दोघं. जादूची फंक्शनं म्हणतात. एक गेटर, फॅट मागितली की आतून काढून देणारा. दुसरा सेटर, आत टाकायला आणली की तपासणारा. पंधराच्या वर गेली की हाकलायची. पण दोघंही ढिम्म!

लीलाबाई : आगं, ही तर माझी सासूच! बरणीला कुनी हात लावायचा न्हाई. लोणचं पायजे? तिला मागायचं, कोरड्या पळीनं तीच काढनार. फोडी घालायच्या? तिच्या म्होरं ठेवायच्या. एकेक पुसून बघनार, वल्ली घावली की भिरकावनार. एकदा उंब्रजातनं फेकलेली फोड रहिमतपूरच्या बाजारात पडली!

क्रांती : आजी…

लीलाबाई : खरं! तरीबी एका साली लोणचं नासलं. बोटभर बुरशी.

क्रांती : का? झोपली होती सासू?

लीलाबाई : टक्क जागी. कोठीच्या दारातच. पन लग्नघाईत बरणी आनून ठेवली व्हती भाईर सोप्यात, येत्याजात्याच्या वाटंवर. माझ्या धाकट्या दिरानं, कोंडीबानं, घातली वल्ली बोटं. बरणी हाताशी आल्यावर सासूला इचारतोय कोन?

क्रांती : थांब. सोप्यात?

लीलाबाई : सोप्यात.

क्रांती : आजी, फॅट मी पब्लिक ठेवलीय! उघड्यावर आहे म्हणून कुणीही थेट हात घालतंय. राखणदारांना हाकच जात नाही. प्रायव्हेट करायला पाहिजे.

लीलाबाई : मग ने की उचलून कोठीत!

क्रांती : नेली. आता तू टाक नव्वद.

लीलाबाई : नऊ… शून्य… आगं बया! लाल झालं की गं. 'पुन्हा तपासा' म्हनतंय.

क्रांती : आता सात टाक.

लीलाबाई : घेतलं मुकाट. सासूच बसलीया आत!

क्रांती : वाचले बाई! कोंडीबाआजोबांचे उपकार. त्यांचं काय झालं मग?

लीलाबाई : वरीसभर लोणचं बंद. कोरडी भाकरी खाल्ली, पर तोंड उघडलं न्हाई.

क्रांती : उघडून काय सांगणार? बोटं त्यांचीच ना?

लीलाबाई : तेवढं एक खोटं हाय, बाय. मी नवी सून व्हते. बोटं माझी.