मर्सिनला निघण्याआधी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय नुहादखाला, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे वदीअसाहेब, ज्यांना आपण आज निरोप देतोय ते आमच्या कळसूत्री मंडळातले सहाजण, आणि दुकानं लवकर बंद करून आलेल्या अल-मीना बंदरातल्या माझ्या माणसांनो,

मला इथे उभं केलंय ते सत्कारासाठी. परदेशातलं परवडणारं शहर, तिथे आपल्यासारखीच बाहुलीवेडी माणसं, आणि ते शोधून आणणारा कोण, तर हा ज़ाहेर! शाळेत मला कुणी कधी पेन्सिलसुद्धा बक्षीस दिली नव्हती. पण हा सत्कार आज मला घेता येणार नाही.

वदीअसाहेब, एक विनंती. तुमच्यासमोर टेबलावर आमच्या कार्यशाळेची किल्ली आहे. माझं बोलणं संपेपर्यंत ती उचलू नका. तुमचा हात दोनदा तिकडे गेलेला मी पाहिला. उद्यापासून तिथे तुमचं गोदाम व्हायचंय, ठाऊक आहे मला. पाचच मिनिटं द्या.

मी गेल्या महिन्यात बोटीने पलीकडे तुर्कस्तानात गेलो. बोटीत इतक्या उलट्या झाल्या की एका म्हातारीने मला स्वतःचं लिंबू दिलं, आणि मग सगळा प्रवासभर ते परत मागत होती... असो. मर्सिनमध्ये पंधरा दिवस राहिलो. तिथल्या बाहुलीवाल्यांचे म्होरके जमीलचाचा, आपल्यासारखंच अरबी बोलणारे. त्यांनी मला कुठे खिशात हात घालू दिला नाही. वरचा मजला दाखवला आणि म्हणाले, "रिकामाच आहे. घर तुमचंच समजा."

"आणि भाडं?"

"तुमच्याकडून भाडं? विचारवतं तरी कसं रे तुला?"

मी तुम्हाला पत्रात लिहिलं, भाडं नाही. इथे ते पत्र मोठ्याने वाचलं गेलं, म्हणे टाळ्या पडल्या.

आता अबू समीर, तुम्हाला विचारतो. काल तुमच्याकडून पाव घेतला, किती झाले म्हटलं, तर तुम्ही काय म्हणालात? "राहू दे रे, आमच्याकडून." मी पैसे पुढे केले, तुम्ही नको म्हणालात, मी पुन्हा केले, मग घेतलेत. मी तसाच पाव घेऊन निघालो असतो तर?

ऐकलंत ना मंडळी? चप्पल फेकली असती म्हणतात!

या गावात चार वर्षांच्या पोरालाही हे कळतं. तीनदा विचारायचं असतं. मी समुद्र ओलांडला आणि एकदाच विचारलं.

आज दुपारी फोन केला, म्हटलं चाचा, गुरुवारी सातजण येतोय. ते खूश झाले. "या या! किती दिवस मुक्काम?" मी म्हटलं, कायमचा. मग हळूच म्हणाले, "बाळा, तू पाहुणा होतास रे."

मग मी तिथल्या दुसऱ्या एका घरमालकाला फोन करून खरं भाडं विचारलं. आपली पुंजी त्यात चारच महिने टिकेल. आणि इथे सामान बांधून झालंय, आपल्या मंडळातल्या हदीलने शाळेतली नोकरी सोडलीय, आणि नुहादखालांची एकोणतीस वर्षांची कार्यशाळा त्या टेबलावर पडलीय.

काय म्हणालात खाला? मोठ्याने बोला, मागच्यांनाही ऐकू दे. "आणि ती माणसं? त्यांचं प्रेमही तसंच, वरवरचं?"

नाही. हे मात्र छातीवर हात ठेवून सांगतो. तुम्ही बनवलेला कळसूत्री उंट मी त्यांच्यासमोर काढला, मान वळवून दाखवली. सेविम नावाची एक बाई आहे, औषधाच्या दुकानात काम करते, तिने उंट हातात घेऊन विचारलं, "मानेतली गाठ कशी मारलीय?" म्हटलं, माहीत नाही. तर सगळ्यांसमोर खडसावलं मला! "गाढवा, एवढ्या लांबून आलास आणि गाठ बघून नाही आलास?" पाहुण्याला असं कुणी बोलतं का? माणसं खरी आहेत खाला. शहर परवडेल का, ते अजून कुणालाच माहीत नाही.

म्हणून गुरुवारी मी एकटा जातो. कुणाच्या घरी उतरणार नाही. खोली घेईन, काम शोधेन, स्वतःच्या पैशाने चहा पिईन, आणि तीन महिन्यांनी लिहीन. तोवर...

वदीअसाहेब, थांबा. खालांनी किल्ली उचललीय.

पिशवीत टाकली.

"जा, आणि गाठ शिकून जा," म्हणतात. जातो खाला. उद्या सकाळी कार्यशाळेत येतो.

वदीअसाहेब, तुमची मोठी गैरसोय केली, आणि तुम्ही उठून गेला नाहीत, याबद्दल तुमचे मनापासून आभार. हदील, मुख्याध्यापकांकडे उद्या मी तुझ्याबरोबर येतो, चूक माझी होती हे मीच सांगेन. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. आजच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पण पुढच्या पत्रात झालं, तर मात्र घालू नका.