लग्नातले भुंगेरे

क्वीन्सलँडमधल्या मकायच्या दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसलेल्या एडनाच्या कानावर मागच्या बाकावरच्या, मूळच्या माल्टा बेटावरच्या दोन आजींचं बोलणं पडलं.

“जूझा, नातीच्या लग्नात भुंगेरे शिरले म्हणे?”

“मांडवात दिवे लागले आणि उसातून ढगच उठला गं! वाइनमध्ये, केकवर, विहीणबाईंच्या केसांत!”

“अगंबाई! शहरातली ना ती?”

“किंचाळत गाडीत जाऊन बसली. म्हटलं, मोडलं लग्न.”

“आणि नवरदेव?”

“त्यानं मांडवातले दिवे घालवले, ट्रॅक्टर लांब बांधावर नेला आणि त्याचे दिवे लावले. भुंगेरे सगळे तिकडे!”

“मग तुम्ही?”

“अंधारातच नाचलो. विहीणबाईसुद्धा!”

“पण तुला तर तो शहरी पोरगा मुळीच पसंत नव्हता.”

“कुणी सांगितलं? पहिल्या दिवसापासून म्हणतेय मी, पोरगा सोनं आहे!”