पोपटीचा परवाना

माझा जल्म पेणच्या खाडीकडचा. बांधावरचं गाव, पुढं खाडी, मागं खाऱ्या पाण्याचं खाजण, आन् मधी मिठागर. माझा बापूस मिठागरावर कामाला, आयस पण, आजा पण, आमच्या घरात कुणी दुसरं काय केलंच नाय. काय सांगू तुम्हाला ताई, उन्हाळ्यात सकाळच्या पारी बांधावर उभं राह्यलं ना, तर सगळीकडं पांढरं, पाणी वाळून मीठ धरलेलं, त्याच्यात आभाळ पडलेलं, वर कुठलं आन् खाली कुठलं ते कळायचं नाय. मला वाटायचं मी आभाळातच चालत्ये. आयस डोक्यावर टोपली घेऊन पुढं, मी मागं, आन् ती वळून हाक मारायची, नर्मदे, चल गो, ऊन वर आलं. व्हय, माझं नाव नर्मदा. हिरा नंतरचं.

लगीन झालं ते इकडं, रोह्याच्या अंगाला. ताटात तांदूळ पसरले आन् आमच्या मालकांनी अंगठीनं नाव काढलं. मी दोन यत्ता शिकलेली, लावून लावून वाचलं, हि, रा. झालं, त्या दिवसापासून मी हिरा. पयले पयले लय गोंधळ व्हायचा, सासू हाक मारायची हिरा, हिरा, आन् मी आपली भांडी घासत बसलेली, मला वाटायचं दुसऱ्या कुणाला तरी बोलावत्ये. मंग सवय झाली. माहेरी गेली की तेवढी नर्मदा, ती पण आयस गेल्यावर भाऊस एकटाच त्या नावानं बोलावणारा राह्यला.

इकडं खाडी नाय, इकडं डोंगर. भात कापलं की त्याच वलीवर वाल टाकायचा, थंडीत दव पडतं त्या दवावर वाल होतो, पाणी द्यावं लागत नाय. सकाळी शेतात गेलं की धुकं एवढं की बाजूचं माणूस दिसत नाय, नुसता बोलण्याचा आवाज येतो. त्या धुक्यातच सासूनं मला पोपटी शिकवली म्हणा ना. भांबुर्ड्याचा पाला कुठं मिळतो, कंचा कवळा, कंचा निबर, ते दाखवत चालायची. मडक्याच्या बुडाला पाला, मंग वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ, ओवा, परत पाला दाबून तोंड बंद, मडकं उलटं ठेवायचं आन् भवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या लावून पेटवायचं. पाण्याचा थेंब नाय आत. शिजली का बघायला मडक्यावर बोटानं पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की काढायची. मीठ माझ्या माहेरचं असायचं. सासू बोलायची, हिरा, तुझ्या बापाचं मीठ आन् माझ्या शेताचा वाल, दोघांचं बरं जमलंय.

देवीच्या जत्रेत आम्ही किती वर्षं पोपटी लावली, आंब्याखाली, कुणी कधी काय विचारलं नाय. विचारायचं काय, सगळी ओळखीची. मंग सासू गेली, आमच्या बचत गटातल्या बायका बोलल्या, रोह्याला मैदानावर थंडीतला महोत्सव भरतो, तिथं लावू. लावली. पयलंच वर्ष, सांजेची वेळ, चार मडकी जाळात, लोकं रांगेत उभी, वास सुटलेला. आन् एक तरणे साहेब आले, हातात फाईल. बोलले, मावशी, परवाना दाखवा. मी बोलली, कसला. बोलले, अन्नाची नोंदणी लागते, ती एक, आन् हा उघडा जाळ आहे, बाजूला कापडाचा मंडप आहे, याला अग्निशमनवाल्यांचं पत्र लागतं, ते दुसरं. मी बोलली, साहेब, मडकी जाळात हायेत, अर्ध्या तासात होतील, मंग विझवत्ये. बोलले, मावशी, आत्ता विझवा.

ओरडले असते ना ताई, तर मी पण ओरडली असती. पण ते ओरडले नाय. हळू बोलले, सगळ्यांच्या पुढं. मंग मी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाय, कळशी उचलली आन् मीच ओतली. जल्मात कधी पोपटीचा जाळ मधीच विझवला नव्हता. असा आवाज झाला, आन् एवढी वाफ उठली की मला काय दिसंना, रांग नाय, मंडप नाय, साहेब नाय, नुसतं पांढरं. एक मडकं तडकलं. वाफ विरली तवा रांगेतली लोकं दुसरीकडं निघालेली. अर्ध्या कच्च्या शेंगा आम्ही पोत्यात भरल्या. येताना टेंपोत मालकांना विचारलं, आपण चोरी केली काय व? ते बोलले, नाय गो, कागद नव्हता आपल्याकडं, एवढंच. ते कंपनीत वॉचमन व्हते, गेटवर पास बघून माणसं आत सोडायची ह्यातच त्यांचा जल्म गेला. त्यांना ते एवढंच वाटलं. मला नाय वाटलं.

मंग बोलली, कागद तर कागद. रोह्याला सेतूत गेली, सरकारी दाखले काढतात तिथं. तिथं एक बाई बसते, गरोदर व्हती तवा, पोटावर हात ठेवून एका हातानं टाइप करायची. तिनं आधार घेतलं, रेशनकार्ड घेतलं, आन् बघतच बसली. बोलली, मावशी, रेशनकार्डावर हिरा, आधारवर नर्मदा. हे कोण? तर झालेलं काय, आधार काढायला माणसं आली तवा मी माहेरी, आयस आजारी म्हणून, भाऊस बोलला चल, तुझं पण काढून घेऊ, आन् नाव त्यानंच सांगितलं. त्याच्या तोंडात दुसरं कुठलं नाव येणार? मी काय वाचून बघितलं नाय. इतकी वर्षं ते कार्ड पत्र्याच्या पेटीत, आन् नर्मदा त्याच्यात.

ती बोलली प्रतिज्ञापत्र करावं लागेल. केलं. तिनंच मला वाचून दाखवलं, मी लिहून देते की नर्मदा आणि हिरा या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे. आन् विचारते, बरोबर ना मावशी? काय सांगू तुम्हाला, माझ्या तोंडातून व्हय निघंना. मला ती बांधावरनं चालणारी पोर दिसायला लागली, पाय मिठानं फुटलेले, आन् इकडं ही धुक्यात वाल तोडणारी बाई. दोघी कधी एकमेकींना भेटल्या तरी काय? मागं माणसं खोळंबलेली. ती परत बोलली, मावशी? मी बोलली, व्हय, एकच. आन् सही केली. अर्ज आधारवरच्या नावानं गेला.

अर्जात खायच्या वस्तूंची यादी व्हती, वडा, भजी, चायनीज सगळं, पोपटी नाय. ती विचारते, पाणी कुठलं वापरता? मी बोलली, पोपटीला पाणी लागत नाय. तिला हसू आवरंना, बोलली, असं लिहून चालत नाय मावशी, हात तर धुता ना? मंग हात धुवायचं पाणी नळाचं, असं लिहिलं.

राह्यलं अग्निशमनचं पत्र. तिथले साहेब वेगळे, घाटावरचे, पोपटी बघितलेलीच नाय. बोलले, करून दाखवा. तर भर दुपारी मोकळ्या जागेत मी मडकं लावलं, साहेब खुर्ची टाकून बसले, बाजूला वाळूच्या दोन बादल्या ठेवायला लावल्या. मी मनात बोलली, वाळू काय कामाची, आमच्या सात पिढ्यांनी पोपटी लावली वाळूशिवाय. आन् तेवढ्यात वारं फिरलं. पेटता पेंढा उडाला तो थेट साहेबांच्या जीपच्या ताडपत्रीवर. मीच धावली, मीच बादली रिकामी केली. ताडपत्रीला एवढंसं भोक. मला वाटलं, गेलं पत्र. साहेब हसले नाय की रागावले नाय. बोलले, बाई, याच्यासाठी सांगतो. मंग शांत बसून शेंगा खाल्ल्या, अंडं खाल्लं, आन् बोलले, पत्रा उभा करा चारी बाजूंनी, मंडपापासून लांब, वाळू जवळ, देतो. त्या दिवशी कळलं ताई, नियम काय माझ्यावर रुसून केलेला नव्हता.

पुढच्या थंडीत परत तेच मैदान. पत्रे उभे केलेले, कागद प्लॅस्टिकमधी घालून खांबाला बांधलेला. सांजेला यादी घेऊन ते पयलेच साहेब आले. आवाज दिला, नर्मदा कोण? मी पेंढा सारखा करत व्हती, माझं लक्षच नाय. परत बोलले, नर्मदा कोण आहे इथं? आन् मला वाटलं आयसच हाक मारत्ये, ऊन वर आलं गो. हात पुसले, उभी राह्यली, बोलली, मी. मी नर्मदा. गटातल्या बायका माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या, ही कोण नर्मदा म्हणून.

साहेबांनी कागद बघितला, वाळू बघितली, खूण केली आन् पुढच्या दुकानाला गेले. मला त्यांनी ओळखलंच नाय. वर्षभर मी त्यांच्याशी मनात भांडली, असं बोलीन, तसं बोलीन, आन् त्यांना मी आठवत पण नव्हती. पयलं वाईट वाटलं. मंग असं हलकं वाटलं ताई, की डोक्यावरची टोपली कुणी उतरवून घ्यावी. मालकांना बोलली, पेटवा. त्या सांजेला कुणी विझवायला आलं नाय, जाळ आपला आपण खाली बसला.

आता गावातल्या बायका माझ्याकडं येतात, कुणाला पापड लावायचेत, कुणाला मोदक. मी त्यांच्यासंगं सेतूत जात्ये. ती बाई आहे अजून, मुलगी झाली तिला, चांगली बोलायला लागलीय. परवाना काय एकदा काढला आन् झालं असं नाय, मुदत संपते, परत काढा, परत फोटो द्या. फोटोत दर खेपेला जरा म्हातारी दिसत्ये मी. असूद्या. मालकांना आता वाकवत नाय, मडकी मीच लावत्ये, गुडघे धरतात, किती वर्षं होईल ते देवीला ठाऊक. यंदा दव चांगलं पडतंय, पयल्या शेंगा भरल्या तरी वाल अजून फुलावर हाय, सकाळी शेताच्या बांधावर गेलं की वास येतो त्या फुलांचा, गोडसर, झोपेतल्यासारखा. मी उगाच उभी राहत्ये तिथं.

उठा आता तुम्ही, उजेड हाय तवर हायवेवरच्या खांब गावाला पोचाल, तिथनं गाडी मिळेल. ह्या शेंगा घेऊन जा, घरी नुसत्या उकडल्या तरी चालतील. मीठ बेतानं घाला. सुखाची राहा बाय, ज्या नावानं कुणी मायेनं हाक मारील त्या नावानं राहा.